करारावर दुसरं नाव

शीलाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती उभ्या गाडीत बसून गाडी चालवत होती.

शिकागोजवळच्या शॉमबर्गला माझ्या मुलाच्या, गिरीशच्या, अपार्टमेंटच्या खिडकीतून खालचं पार्किंग दिसायचं. माणसं कामावर आणि मुलं शाळेच्या बसने गेली की तिथे चार-दोन गाड्या उरायच्या. त्यातल्या एका जुन्या तपकिरी गाडीत स्टिअरिंगमागे एक बाई बसलेली. इंजिन बंद. ती वरच्या आरशात बघायची, मग बाजूच्या आरशात, मग मान वळवून खांद्यावरून मागे, आणि चाकावरून नुसते हात सरकवायची, कारण किल्लीशिवाय चाक फिरत नाही. ओठ सारखे हलत होते. शाळेत शिकवण्यात जन्म गेल्यामुळे पाठांतर करणाऱ्याचे ओठ मला लांबूनही ओळखू येतात. जरा वेळाने ती उतरली, दार लावलं, चार पावलं गेली, परत आली, दार लागलंय की नाही ते बघितलं, आणि पुन्हा आत बसली.

दोन दिवसांनी तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत ती भेटली.

"काकू, वरून तुम्हीच बघत होता ना मला?"

"हो गं. कुठपर्यंत पोचलीस?"

"पार्किंगच्या बाहेर नाही अजून," ती म्हणाली आणि हसली. हसता हसता मशीनचं झाकण उघडून आत बघितलं. कपडे धुवून व्हायला अजून बराच वेळ होता.

ती नागपूरची. तिथल्या एका रक्तपेढीत सहा वर्षं नोकरी केलेली. नवऱ्याला, भानुदासला, इथे कॉम्प्युटरचं काम मिळालं आणि ती त्याच्या व्हिसावर आली. त्या व्हिसावर तिला नोकरी करायला परवानगी नव्हती. माझ्याकडे आली तरी ती टेकायची नाही. बोलता बोलता माझ्या ओट्यावरचे डबे उंचीप्रमाणे लावायची, पुसलेला ओटा पुन्हा पुसायची. "बसले ना काकू, की काहीतरी विसरून आल्यासारखं वाटतं," असं एकदा म्हणाली होती.

भानुदास मनाने फार चांगला. भंडाऱ्याजवळच्या गावातला, घरातला पहिला इंजिनिअर. मला भेटला की दोन्ही हात जोडून "जय भीम, काकू" म्हणायचा, आणि सामानाची पिशवी हातातून ओढून घ्यायचा. पण एक सवय होती. इथे आल्या आल्या शीलाचं इंग्रजी दुकानात, बँकेत कुणाला समजायचं नाही. ती एक वाक्य दोनदा-तीनदा म्हणायची आणि समोरचा माणूस भुवया वर करायचा. तिची ती फजिती भानुदासला बघवेना. म्हणून तिच्या वतीने तोच उत्तरं द्यायला लागला. हे त्याने प्रेमानेच सुरू केलं. दोन वर्षांनी शीलाचं इंग्रजी चांगलं झालं, तरी उत्तरं तोच देत राहिला. तिला कुणी "हाऊ आर यू" विचारलं तरी हा म्हणायचा, "शी इज फाइन."

१९९७ च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या खेपेला शीलाला लायसन्स मिळालं. ते ती पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवायची आणि अधूनमधून चाचपून बघायची. गाडी मात्र किराण्याच्या दुकानापर्यंत, तीही भानुदास शेजारी बसला तरच. तो शेजारी बसून पायाने नसलेला ब्रेक दाबत राहायचा.

ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम ओहायोतल्या डब्लिनला, भानुदासचा मित्र रवी आणि त्याची बायको हर्षिता यांच्या घरी ठरला. गिरीश कामासाठी बाहेरगावी जाणार होता. शीला म्हणाली, "काकू, एकट्या घरात बसून काय करणार? चला आमच्याबरोबर. वंदना होईल, चार माणसं भेटतील." मी हो म्हटलं.

त्यांची जुनी गाडी एवढ्या लांब नेण्यासारखी नव्हती, म्हणून गाडी भाड्याने घ्यायची ठरली. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तिघं ती आणायला गेलो. काउंटरवर रांग होती. काउंटरमागच्या मुलीने भानुदासचं लायसन्स घेतलं, कार्ड घेतलं आणि न बघताच विचारलं, आणखी कोणी गाडी चालवणार आहे का? शीलाने पर्सची चेन उघडली. आतल्या कप्प्यात हात घालून लायसन्स बाहेर काढेपर्यंत भानुदास म्हणाला होता, "नो नो, ओन्ली मी." मुलीने कागद फाडून दिला. शीलाने लायसन्स परत आत ठेवलं. चेन लावली. मग पुन्हा उघडून बघितलं, नीट ठेवलंय ना.

परत येताना ती म्हणाली, "अहो, माझं नाव घातलं असतं तर?"

"कशाला? मी आहे ना. आणि लागलंच तर घे थोडा वेळ, यार. कोण विचारतं?"

"प्रसन्नला विचारलं की."

प्रसन्न म्हणजे त्यांच्याच बिल्डिंगमधला एक पोरगा. त्याने स्वतःच्या नावावर गाडी घेतली होती आणि नायगाराहून येताना ती रूममेटला चालवायला दिली होती. इथे सगळी पोरं असंच करायची. ज्याच्याकडे क्रेडिट कार्ड, गाडी त्याच्या नावावर, आणि चालवायची सगळ्यांनी आळीपाळीने. रूममेटने गाडी कठड्यावर घातली. कुणाला लागलं नाही, पण कागदावर नाव नसलेला माणूस चालवत होता म्हटल्यावर विम्याने हात वर केले, आणि नुकसान भरण्यात प्रसन्नचं त्या वर्षीचं भारतात जाणं राहिलं. पोरांनी त्याचं 'कठडा' असं नाव पाडलं होतं.

"तो रूममेट होता," भानुदास म्हणाला. "तू बायको आहेस."

शनिवारी उजाडताना निघालो. गाडी आणून भानुदास आदल्या रात्री पुन्हा ऑफिसात गेला आणि उशिरा परतला होता. त्या दिवसांत सगळ्यांचंच ते दोन हजार सालच्या तारखांचं काम चालू असायचं. त्याचे डोळे लाल होते. शीलाने विचारलं, "झोप झाली का?" तो म्हणाला, "भरपूर." मी मागे, माझ्या शेजारी त्यांची आठ वर्षांची मुलगी मैत्री, पुढे ते दोघं.

शिकागो मागे पडलं आणि इंडियानात रस्ता सरळ लागला. दोन्हीकडे कापणी झालेली मक्याची शेतं. वळण नाही, चढ नाही. शीला सारखी बोलत होती. "रवीभाऊंच्या मुलीचं नाव काय ठेवलं?" तो म्हणायचा, "हं." "हर्षिताने फोनवर काय सांगितलं, कुठल्या एक्झिटला वळायचं?" "हं." ती संत्रं सोलून एकेक फोड त्याच्या हातात देत होती. मैत्री शाळेत शिकवलेलं एक लांबलचक गाणं म्हणत होती, आणि मी बाहेर बघत होते.

एकदम गाडीखालून घरघर सुरू झाली. रस्त्याच्या कडेला खाचा कापलेल्या असतात, त्यावर चाकं गेली होती. मी पुढे बघितलं तर भानुदासची हनुवटी छातीवर.

शीला ओरडली नाही. एक हात चाकावर, एक त्याच्या खांद्यावर. "अहो. अहो, डावीकडे घ्या. हळू. असं."

गाडी रस्त्यावर आली. मैत्रीचं गाणं मधेच थांबलं होतं. पुढच्याच विश्रांतीच्या जागेवर शीलाने हाताने खूण केली आणि त्याने गाडी आत घेतली.

तो तोंड धुऊन, केस ओले करून आला आणि शीलापुढे किल्ली धरली.

"घे. थोडा वेळ तू चालव."

शीलाने हात पुढे केला नाही. "माझं नाव नाहीये."

"कुठे?"

"कागदावर. काल तुम्ही नो म्हणालात."

"अगं, बायकोचं नाव वेगळं कशाला लागतं? बायकोला कोण विचारतं?"

"काउंटरवरची मुलगी विचारत होती," शीला म्हणाली.

"इथे कोण बघतंय?"

"आत्ता कोणी नाही. कुणाला धडकले की सगळे बघतील."

"सरळ सांग ना, घाबरतेस म्हणून!"

"घाबरते. तेही आहे. आणि नाव नाही, हेही आहे."

त्याने किल्ली खिशात टाकली. "मग मीच चालवतो."

"तुम्ही अशा झोपेत चालवणार असाल तर मी आणि मैत्री बसणार नाही. काकूंनाही बसू देणार नाही."

हे ती हळू आवाजात बोलली, पण शब्द तुटक होते आणि हातातला संत्र्याच्या सालींचा गोळा तिने इतका दाबला होता की रस मनगटावर आला होता. भानुदास तिच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिला. शेवटी गाडीत जाऊन बसला, सीट मागे केली आणि डोळे मिटले. रागाने मिटले असतील, पण दोन मिनिटांत घोरायला लागला.

शीलाने गाडीच्या कप्प्यातून करार काढला. लाकडी बाकावर बसून आम्ही दोघींनी ओळींवर बोट ठेवून तो वाचला. तिला जमलं नाही तिथे मला, मला जमलं नाही तिथे तिला. सरळ लिहिलं होतं: दुसऱ्या कुणाला चालवायची असेल तर त्याने कंपनीच्या शाखेत येऊन लायसन्स दाखवावं आणि सही करावी, नाहीतर विमा नाही. नवरा-बायकोला वेगळी सूट कुठेच नव्हती.

ती फोनच्या खांबाशी गेली. मैत्री नाणी हातात घेऊन शेजारी. मला अर्धंच ऐकू येत होतं. "नो मॅडम, नॉट हिम. मी. आय वॉन्ट टू ड्राइव्ह." मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली आणि फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिली. परत आली ती भराभरा चालत. पुढच्या गावाला, लाफायेतला, कंपनीची शाखा आहे. तिथे नाव घालून मिळेल. करार ज्याच्या नावावर आहे तो बरोबर हवा. शनिवारी शाखा दुपारी बारालाच बंद होते.

"किती लांब आहे?"

"पंधरा मैल असेल."

"मग शीला, तेवढं अंतर तू घे ना," मी म्हटलं. "पंधरा मैलांत काय होतंय?"

तिने माझ्याकडे बघितलं. "काकू, तुम्ही पण?"

मी डब्याची पिशवी जवळ ओढली.

पुढचा वेळ मी कधी विसरणार नाही. तसं झालं काहीच नाही. ट्रक येत होते, इंजिन चालू ठेवून उभे राहत होते, जात होते. शीला बाकापासून गाडीपर्यंत जायची, काचेतून भानुदासकडे बघायची, परत यायची. भिंतीवरच्या नकाशापाशी जायची, बोटाने अंतर मोजायची, परत यायची. मी डबा उघडला. बटाट्याची भाजी, पोळ्या, लसणाची चटणी. तिने पोळीचा तुकडा तोडला आणि हातातच धरून ठेवला.

"आई, वेक हिम अप! वी आर लेट," मैत्री म्हणाली.

"होऊ दे लेट. बाबाला झोपू दे."

"बट द ऑफिस विल क्लोज!"

"बंद झालं तर इथेच बसू. पोळ्या आहेत, पाणी आहे, बाथरूम आहे. आणखी काय पाहिजे?"

मैत्रीला उत्तर देताना तिचा आवाज साधा होता, पण ती घड्याळ काढून पुन्हा मनगटावर बांधत होती. मला कळत होतं की तिला त्याला हलवून उठवावंसं वाटतंय. अर्धवट झोपेत त्याला उठवावं, तर पुढचे पंधरा मैल त्याच्या हातात. झोपू द्यावं, तर शाखा बंद, आणि मग संध्याकाळपर्यंत तिथेच, किंवा मग नाव नसताना तिने चालवायचं. यातलं पहिलं तिने एकदाही केलं नाही.

एका ट्रकचा हॉर्न वाजला तेव्हा भानुदास आपण होऊन जागा झाला. शीलाने थर्मासमधला चहा दिला आणि लाफायेतचं सांगितलं.

"एका सहीसाठी एवढं!" तो म्हणाला. "रवीकडे सगळे जमले असतील. काय सांगू त्यांना? बायको सहीसाठी अडून बसली?"

शीला त्याच्या शेजारच्या सीटवर बसली. "मैत्री गात होती, ते आठवतंय तुम्हाला?"

"कधी?"

"मघाशी. खाचांवर गेलो त्याच्या आधी."

"मैत्री कुठे गात होती?"

"तीन कडवी झाली होती, अहो. शेवटचं तर ती ओरडून म्हणत होती."

भानुदासने वळून मैत्रीकडे बघितलं. "गात होतीस तू?"

"येस, बाबा. द होल टाइम."

तो कपातल्या चहाकडे बघत राहिला. नंतर त्याने उतरून गाडीला एक फेरी मारली, उगीचच टायरवर हात ठेवला, आणि आत येऊन म्हणाला, "चल. बारा वाजायच्या आत पोचू."

काचा उघड्या टाकून, अगदी उजव्या लेनमधून त्याने ते पंधरा मैल गाडी चालवली. शीला त्याला पाढे विचारत होती. सतरा साते, एकोणीस आठे. तोही शाळेतल्या मुलासारखा मोठ्याने उत्तरं देत होता. एकोणीस आठेला तो चुकला आणि आम्ही तिघींनी एकदम "चूक!" म्हटलं. त्या दिवशी पहिल्यांदाच कुणीतरी हसलं.

शाखेत एक वयस्कर माणूस कोट चढवत होता. दिवे अर्धे मालवलेले. भानुदास जवळजवळ धावतच आत गेला, आम्ही मागून. त्या माणसाने कोट पुन्हा खुर्चीवर टाकला आणि विचारलं, नाव कुणाचं घालायचं?

"माय वाईफ," भानुदास म्हणाला, "हर नेम इज—"

तिथे तो थांबला. एक पाऊल बाजूला सरकला आणि काउंटरसमोरची जागा मोकळी केली.

शीलाने लायसन्स ठेवलं, नाव सांगितलं, स्पेलिंग सांगितलं. त्या माणसाला पहिल्यांदा समजलं नाही. भानुदासचे ओठ हलले, पण तो काही बोलला नाही. शीलाने पुन्हा सांगितलं, हळू, एकेक अक्षर. मशीनमधून कागद आला. भानुदासच्या नावाखाली तिचं नाव, आणि त्यापुढे सहीची रेघ.

लांब जायचंय का, त्या माणसाने विचारलं. ओहायो, शीला म्हणाली. हायवेवर पहिल्यांदाच? तिने मान डोलावली. तो म्हणाला, उजवीकडून चला, आणि मागचे चिडले तर चिडू द्या.

गाडीत बसल्यावर ती लगेच निघाली नाही. सीट पुढे घेतली, तिन्ही आरसे लावले. वायपर सुरू करून बंद केले, दिवे लावून बघितले, मैत्रीला मागे उभं करून इंडिकेटर लागतात का ते विचारलं. काच साफ करायचं पाणी चुकून उडालं.

"अगं, विमान आहे का हे?" भानुदास म्हणाला.

"ही गाडी आपली नाही. कुठलं बटण कुठे आहे ते ट्रक अंगावर आल्यावर शोधू का?"

पहिला ट्रक शेजारून गेला तेव्हा गाडी हलली आणि मी समोरची सीट घट्ट धरली. शीला म्हणाली, "काकू, माझ्याशी बोलू नका हं," आणि मी तोवर एक अक्षरही बोलले नव्हते. इंडियानापोलिसपाशी रस्ते एकमेकांवर चढले, पाट्यांमागून पाट्या आल्या. भानुदास नकाशा मांडीवर घेऊन एक्झिट सांगत होता आणि उजव्या पायाने ब्रेक दाबत होता. एक पाटी त्याने उशिरा सांगितली. ती वळली नाही. "चुकू दे," म्हणाली, "पुढून फिरून येऊ," आणि खरंच पुढून फिरून आली. मैत्री कुरकुरली, "आई, एव्हरीबडी इज पासिंग अस." शीला म्हणाली, "पास होऊ दे सगळ्यांना. आपण पोचलो म्हणजे झालं."

ओहायोची पाटी गेल्यावर भानुदासचा पाय थांबला. मी वाकून बघितलं. तो झोपला होता, या वेळी मान नीट मागे टेकवून. शीलाचे खांदे मात्र डब्लिन येईपर्यंत खाली आले नाहीत.

रवीच्या घरी पोचलो तेव्हा अंधार पडत होता. वंदना होऊन गेली होती, माणसं हातात खिरीच्या वाट्या घेऊन बोलत उभी होती. हर्षिताने दारातच शीलाला मिठी मारली. रवीने खिडकीतून गाडी येताना पाहिली होती.

"काय भानुदास, वहिनींना ड्रायव्हर ठेवलंस का? पगार किती देतोस?"

"अरे, बैलगाडीने आलात की काय? आम्ही तर पोलिसांना फोन करणार होतो!" दुसरा कुणी म्हणाला. सगळे हसले.

शीला चप्पल काढत खाली वाकली होती. मी भानुदासकडे बघितलं. तो एखादी थाप मारेल, टायर पंक्चर झाला म्हणेल, असं मला वाटलं होतं.

"मला चालवताना झोप लागली," तो म्हणाला. "गाडी रस्त्याखाली चालली होती. मग शीलाने आणलं. तिचं नाव घालून घेतलं आणि तिने आणलं."

हर्षिताने खिरीची वाटी आधी शीलाच्या हातात दिली. शीलाने ती घेतली आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी तिला खुर्चीत नीट पाठ टेकून बसलेलं बघितलं. पण तेही थोडाच वेळ. वाटी संपली तशी उठली आणि स्वयंपाकघरात भांडी घासायला गेली.

परत येताना दोघांनी आळीपाळीने चालवली. आधी कोण, यावरून थोडं भांडण झालं.

मी त्यानंतरच्या वसंतात भारतात परतले. शीलाचं पत्र वर्षातून एकदा येतं, आणि त्यात मैत्रीच्या तक्रारी जास्त असतात. भानुदासचं काम न्यू जर्सीला हललं, तेव्हा ते पिस्कॅटवेला राहायला गेले. मैत्री आता पाचवीत आहे. घरात गाडी एकच आहे. सकाळी शीला भानुदासला ट्रेनच्या स्टेशनवर सोडते, मैत्रीला शाळेत सोडते, आणि दिवसभर गाडी तिच्याकडे असते.